रामन राघव वेगळा, स्टोनमॅन वेगळा

रात्रीची वेळ, मुंबईचा फुटपाथ, गाढ झोपलेला गरीब माणूस आणि डोक्यात बसलेला घाव. एवढं वर्णन केलं की ऐकणारा दोनपैकी एक नाव घेतो: रामन राघव किंवा स्टोनमॅन. बऱ्याचदा दोन्ही घेतो, एकाच माणसाची नावं असल्यासारखी. यूट्यूब आणि पॉडकास्टवरच्या क्राइम-कथांनी हा घोळ आणखी वाढवलाय. तिथे रामन राघवच्या हातात धोंडा दिला जातो, स्टोनमॅनला आवाज ऐकू येतात, आणि मालाड, सायन, कोलकाता सगळं वीस मिनिटांत उरकतं.

आधी तारखा बघू, कारण निम्मा गुंता तिथेच सुटतो. रामन राघवचे खून १९६५-६६ आणि १९६८ मधले. ऑगस्ट १९६८ मध्ये तो पकडला गेला आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या आजाराने मेला. कधीच न सापडलेल्या स्टोनमॅनच्या नावावर मांडले जाणारे मुंबईतले, मुख्यतः सायन भागातले खून १९८५ ते १९८८ च्या सुमाराचे. म्हणजे सायनला माणसं मरत होती तेव्हा राघव येरवड्यात होता. त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली ती उच्च न्यायालयाच्या १९८७ च्या आदेशाने, आणि ही बातमी आली तेव्हा सायनचं प्रकरण अजून मिटलेलं नव्हतं. वीस वर्षांच्या अंतराची ही दोन प्रकरणं त्या एका वर्षात मात्र अगदी शेजारी येतात.

राघवचं प्रकरण पोलिसांच्या दृष्टीने दोन तुकड्यांत घडलं. १९६५-६६ मध्ये जुने मुंबईकर ज्याला जीआयपी म्हणत त्या मध्य रेल्वेच्या मार्गालगत १९ जणांवर हल्ले झाले, त्यातले ९ दगावले. त्या वेळी संशयावरून एका बेघर माणसाला उचललंही होतं. दरोड्यासाठी पाच वर्षं आत जाऊन आलेला, पोलिसांच्या दप्तरी नोंद असलेला हा माणूस म्हणजेच रामन राघव. ठोस पुरावा नव्हता, म्हणून सोडून दिला. १९६८ मध्ये हल्ले पुन्हा सुरू झाले, या वेळी पश्चिमेकडच्या उपनगरांत. मारले जाणारे फुटपाथवरचे होते तसेच झोपडीतलेही. जड, बोथट हत्याराने डोक्यावर वार, रात्रीच्या वेळी, आणि चोरी म्हणावी तर घरात चोरण्यासारखं काही नाही.

उपनगरांची तेव्हा झोप उडाली होती. लोक काठ्या घेऊन गस्त घालायचे आणि रस्त्यावर दिसलेल्या अनोळखी भिकाऱ्याला चोप द्यायचे. मारेकरी मांजराचं, पोपटाचं रूप घेतो इथपर्यंत अफवांची मजल गेली. तपासाची सूत्रं गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. राघवला प्रत्यक्ष पकडलं ते फौजदार अ‍ॅलेक्स फियालो यांनी, जुन्या नोंदीतल्या फोटोवरून आणि वर्णनावरून ओळखून.

झडतीत त्याच्याकडे काय सापडलं ती यादी मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. एक चष्मा, दोन कंगवे, एक कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. बेघर माणसाचं हे सगळं बिऱ्हाड. अंगातल्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते, बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले आणि सिंधी दलवाई, अण्णा, तंबी अशा नावांमागचा माणूस एकच असल्याचं पक्कं झालं.

चौकशीत तो बरेच दिवस तोंड उघडेना. शेवटी त्याने कोंबडीचं जेवण मागितलं, ते मिळालं आणि मग तो बोलायला लागला. हा प्रसंग प्रत्येक कथाकार रंगवून सांगतो, कारण त्यात नाट्य आयतं आहे. पण पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं आणि तेच गाळलं जातं. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हाच्या पुरावा कायद्याचं २५ वं कलम ते सांगायचं. चालतं ते दोन वाटांनी. एक, आरोपीने दाखवून दिलेली वस्तू पोलिसांनी हस्तगत केली तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं, कलम २७ खाली. दुसरी वाट म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवलेला जबाब. राघवच्या बाबतीत दोन्ही झालं. लपवलेलं लोखंडी हत्यार त्याने स्वतः काढून दिलं आणि दंडाधिकाऱ्यापुढे जबाबही दिला. म्हणून खटला उभा राहिला. कोंबडीवर खटला उभा राहत नाही.

आता आकड्यांकडे या. रामन राघवने किती मारले? इंटरनेटवर कुठे २३ सापडतील, कुठे ४१, कुठे त्याहून जास्त. हे आकडे मुख्यतः त्याच्याच बोलण्यावर उभे आहेत. १९६६ च्या सुमाराला रेल्वेलगत आपण २३ मारले आणि १९६८ मध्ये आणखी डझनभर, असं तो म्हणाला. पण पहिल्या फेरीतले नोंदलेले मृत्यू ९. म्हणजे काही खून पोलिसांना कळलेच नाहीत किंवा राघव भ्रमात बोलत होता, दोन्ही शक्य आहे. खटला चालला तो मालाडच्या चिंचवली भागातल्या दोन माणसांच्या खुनाचा. कोर्टाने त्याच्यावर शिक्कामोर्तब केलं ते तेवढ्याच दोन खुनांबाबत. ‘४१ खून करणारा’ म्हणून त्याची ओळख करून देणारा निवेदक कोर्टाचा निकाल सांगत नसतो. ज्याला डॉक्टरांनी पुढे गंभीर मनोरुग्ण ठरवलं त्याचा स्वतःबद्दलचा दावा तो आपल्याला ऐकवत असतो.

वेडाचा मुद्दाही कथांमध्ये फार सैलपणे येतो. ‘वेडा होता म्हणून फाशी झाली नाही’ या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न कोंबलेले असतात. पहिला, खून करताना आपण काय करतोय आणि ते चूक आहे हे त्याला कळत होतं का? तेव्हाच्या दंड संहितेच्या ८४ व्या कलमाचा हा प्रश्न. यावर डॉक्टरांमध्येच मतभेद होते. महिनाभर निरीक्षणाखाली ठेवून त्याला मनोविकार नसल्याचा निर्वाळा एका बाजूने दिला गेला. बचावाच्या बाजूने आलेल्या मनोविकारतज्ज्ञाचं म्हणणं उलट होतं. सत्र न्यायालयाने १९६९ मध्ये फाशी सुनावली आणि राघवने अपीलच केलं नाही. दुसरा प्रश्न नंतरचा: अशा माणसाला फासावर चढवायचं का? उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं गेलं. त्यांनी त्याच्याशी पाच वेळा, दरवेळी दोन-दोन तास बोलणं केलं. जगं दोन आहेत, एक ‘कानून’चं आणि दुसरं हे तुमचं-आमचं, असं तो मानत होता. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला तर त्याने तो घेतला नाही. मी कानूनचा प्रतिनिधी, या दुष्ट जगातल्या लोकांना शिवणार नाही, म्हणाला. मंडळाचं निदान होतं जुना, बरा न होणारा पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे भ्रम आणि संशयाने ग्रासणारा मनोविकार. दोषी तो राहिलाच, शिक्षा बदलली.

एवढं सगळं आपल्याला कळतं कारण माणूस सापडला होता. स्टोनमॅनबद्दल बोलताना ही सोय नाही, आणि नेमकं हेच विसरलं जातं.

सायन, किंग्ज सर्कल भागात १९८५ पासून दोनेक वर्षांत किमान १२ जण मारले गेले. सगळे उघड्यावर, एकटे झोपणारे. मोठा दगड उचलून डोक्यावर टाकायचा, ही पद्धत. काही दगड ३० किलोच्या घरातले होते. राघवशी साम्य इथे दिसतं खरं, पण जवळून पाहिलं की तेही विरतं. राघव हत्यार बाळगून फिरायचा आणि लपवायचा. म्हणून ते सापडू शकलं आणि पुरावा झालं. दगडाचं तसं नाही. तो तिथेच मिळतो, तिथेच टाकून जाता येतो, आणि खडबडीत दगडावर बोटांचे कामाचे ठसे मिळणं मुश्कील. दुसरं म्हणजे राघव झोपडीत शिरायचा, जिथे कुटुंब असायचं, वाचलेला कोणीतरी वर्णन सांगायला उरायचा. सायनचे बळी एकेकटे होते. बहुतेकांची ओळखसुद्धा पटली नाही, कारण प्रेत ओळखायला येणार कोण?

वाचलेला एकजण होता. बेघर वेटर, हल्ल्यातून निसटला. पण सायनच्या ज्या कोपऱ्यात तो झोपला होता तिथे उजेड इतका कमी की हल्लेखोराचं धड वर्णन त्याला करता आलं नाही. मुंबईच्या प्रकरणातला प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणावा तर एवढाच.

शिवाय हे खून एकाच मालिकेतले आहेत हे पोलिसांच्या लक्षात आलं सहाव्या खुनानंतर. याला निव्वळ ढिलाई म्हणून मोकळं होता येणार नाही. फुटपाथवर एक बेवारस मेला की त्याची नोंद आपापल्या चौकीत होते, आणि मागे धरून बसणारं कोणी नसेल तर दोन नोंदी शेजारी ठेवून पाहायला कोणाला घाई नसते. पुढे माटुंग्यात भंगार वेचणाऱ्या एकाचा खून झाला, तोही धारदार हत्याराने, तरी संशयाची सुई याच अज्ञात माणसाकडे वळली. पुरावा काही नव्हता. १९८८ पर्यंत हे प्रकार थांबले. का थांबले, ते कळायला वाव नाही. मारेकरी मेला, शहर सोडून गेला की दुसऱ्याच गुन्ह्यात तुरुंगात जाऊन बसला, काहीही असू शकतं.

आणि ‘स्टोनमॅन’ हे नाव? ते चिकटलं कोलकात्यात. १९८९ मध्ये तिथे सहा महिन्यांत १३ फुटपाथवासी याच तऱ्हेने मारले गेले, तिथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी मारेकऱ्याला हे नाव दिलं आणि तेच मागे जाऊन मुंबईच्या खुनांनाही लागलं. नाव एक झालं की माणूसही एक होतो, निदान ऐकणाऱ्याच्या डोक्यात. एवढा जड दगड उचलतो म्हणजे उंच, धिप्पाड असणार, हा अंदाजही त्याच्यावर चढला. आज कथाकार ‘स्टोनमॅन मुंबईहून कोलकात्याला गेला’ असं रेल्वेचं तिकीट पाहिल्यासारखं सांगतात. तिथेही रात्रीची गस्त वाढली, धरपकड झाली, संशयितांना ताब्यात घेतलं, खून थांबले, आणि पुरावा नाही म्हणून माणसं सुटली.

माझी तक्रार आहे ती इथे. रामन राघवच्या कथेत फुगवटा असतो, पण फुगवायला खाली काहीतरी आहे: जबाब, हत्यार, डॉक्टरांचं मत, निकाल. स्टोनमॅनच्या कथेत मधली जागा रिकामी आहे आणि ती भरायला राघवचाच माल वापरला जातो. दगड मारणाऱ्याला कोणी स्किझोफ्रेनिक ठरवलं? तो एकटा होता हे तरी कोणी ठरवलं? नरबळीची, तंत्रमंत्राची कथा जोडली जाते तिचीही तीच गत. राघवच्या नावाने २०१६ मध्ये आलेल्या हिंदी चित्रपटाची गोष्ट आजच्या मुंबईत घडते, १९६८ शी तिचा संबंध नावापुरता. पण तेव्हापासून तर खरा राघव कुठला हे सांगणंही अवघड झालंय. यात २००६-०७ च्या ‘बीअरमॅन’ची भर घाला. प्रेताशेजारी बीअरची बाटली सापडली म्हणून दक्षिण मुंबईतल्या त्या खुनांना ते नाव पडलं. एकाला सत्र न्यायालयात शिक्षाही झाली, पण २००९ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. तरी काही व्हिडिओंत आजही ‘पकडला गेला’ एवढंच सांगून गोष्ट संपवतात.

मुंबई आणि कोलकात्याला जोडणारा धागा शोधायचाच तर तो खुनाच्या पद्धतीचा आहे, दुसरा नाही. ना ठसा, ना साक्षीदार, ना दोन्ही शहरांत दिसलेला एखादा माणूस. पद्धत वर्तमानपत्रांत छापून येत होती, म्हणजे तिची नक्कल करायला मुंबईत जाऊन आलेलं असण्याचीही गरज नव्हती. कोलकात्याचे १३ खून तरी एकट्या माणसाचे होते का, याचंही उत्तर तिथल्या पोलिसांना मिळालेलं नाही.