हातोड्याचे दांडे, खुर्च्या आणि सही: स्टुडिओ फर्निचर आलं कुठून

आपल्या जालना-परभणीकडं सुतार म्हणलं की तिफण, वखर, गाडीचं चाक, आणि सुगीत खळ्यावरचं बलुतं. तोच गडी वाड्याच्या चौकटीवर वेलबुट्टी पण कोरायचा, पण त्याला शिल्पकार कुणी म्हणलं नाही. आता मोबाईलवर ‘स्टुडिओ फर्निचर’चे, म्हणजे कलाकारानं आपल्या स्टुडिओत स्वतः घडवलेल्या फर्निचरचे फोटो फिरायलेत, एकेका खुर्चीची किंमत बघून म्हातारी माणसं इचारायलेत, ह्यात असं काय हाय?

तर हे सगळं बऱ्यापैकी सुरू होतं अमेरिकेतल्या व्हार्टन एशरिकपासून. जन्म 1887, फिलाडेल्फिया, शिक्षण चित्रकलेचं. 1913 ला शहर सोडून पाओली गावाजवळ शेतातल्या जुन्या घरात राहायला गेला, चित्रं काही खपेनात. 1919 ला अलाबामात एका शाळेत शिकवायला गेला तिथं कोरायची हत्यारं हाताला लागली, मग आपल्याच चित्रांच्या फ्रेमा कोरायला लागला आणि लोकांना चित्रापेक्षा फ्रेमच आवडायला लागली (दुसरा असता तर रडत बसला असता). तिथून छपाईचे लाकडी ठसे, मग शिल्पं, मग टेबल-खुर्च्या. 1926 ला स्टुडिओ बांधायला घेतला, तो पुढं चाळीस वर्षं वाढतच राहिला. त्यातला 1930 चा ओकचा वळणदार जिना तर दोनदा खोलून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात नेला, 1940 ला आणि 1958 ला, म्हणजे घरात वर चढायचा जिना आणि शिल्प एकच!

मला स्वतःला मात्र 1938 च्या खुर्च्या जास्त आवडतात. हेजरो नावाच्या नाटक कंपनीला खुर्च्या पाहिजे होत्या, ह्यानं स्वस्तात मिळालेले हातोड्याचे दांडे घेतले, त्याचेच पाय केले, बसायला पट्टे विणले. आपला सुतार पण मोडक्या औताचं असंच काहीतरी करतोच की.

पुढं वेंडेल कॅसल आला, अमेरिकेतल्याच कॅन्सासचा, जन्म 1932 चा, शिल्पकला शिकलेला. फळीवर फळी सरसानं चिकटवून मोठा ठोकळा करायचा आणि त्यातून खुर्ची कोरून काढायची, ही त्याची पद्धत, आणि फर्निचर हेच शिल्प होऊ शकतं हे एशरिककडं बघून कळलं असं तो मानायचा.

कसबी हात तर आपल्या सुताराकडं आणि एशरिककडं, दोन्हीकडं होता, पण एशरिक चित्रकार म्हणून आलेला, कामावर सही आणि साल कोरायची त्याला सवय. तो 1970 ला गेला आणि 1972 ला स्टुडिओचं म्युझियम झालं. आमच्याकडं वाडा पडला की चौकट जुन्या सामानवाल्याच्या टेम्पोत चढते, उलटून पालटून बघितली तरी कोरणाऱ्याचं नाव सापडत नाही.