पलंगपोस, पॅनेल आणि काठ

क्विल्ट, म्हणजे मधे कापसाचा थर घालून टाके मारलेल्या रजया, शिवणाऱ्या बायका एकत्र जमल्या आणि छापील पॅनेलचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "त्यात काय विशेष, चित्र तर आयतंच आहे." पॅनेल म्हणजे मधोमध झाड, मोर किंवा फुलांची परडी छापलेलं कापड, भोवती लावायला जुळणारा छापील काठ, आपण फक्त कापसाचा थर आणि अस्तर घालून टाके मारायचे, असा त्यांचा समज. मला हे बोलणं खटकतं. तुकडे जोडून केलेलं तेवढंच खरं काम, असं मानणाऱ्यांना माहीत नसतं की युरोप-अमेरिकेतली तुकडेजोड बऱ्याच अंशी अशाच एका कापडाच्या आधाराने वाढली. मधे चित्र, चहूबाजूंनी काठ असलेलं ते कापड आपल्याकडून गेलेलं होतं.

त्याचं नाव पलंगपोस. आपल्या घरात आजही ऐकू येणारा हा शब्द इंग्रजांच्या तोंडी ‘पॅलमपोर’ झाला. तसंच चिटाचं. चिटाचं पोलकं, चिटाचा परकर असं आपल्या आज्या म्हणायच्या. हिंदीत तीच छींट आणि इंग्रजीत ‘चिंट्झ’. लंडनचा दैनंदिनीकार सॅम्युएल पेपिस याने १६६३ च्या सप्टेंबरात बायकोच्या खोलीच्या भिंतींना लावायला ‘चिंट’ विकत घेतल्याची नोंद केली आहे.

हे पलंगपोस मुख्यतः भारताच्या पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावर, आंध्रातल्या मछलीपट्टणम आणि त्याच्या आसपास तयार होत. आठ-नऊ फूट लांबीचं सुती कापड, खाली खडकाळ टेकाड, त्यातून वर वळत गेलेलं एक झाड, त्याच्या एकाच खोडाला नाना जातींची फुलं, आणि सगळ्याभोवती वेलबुट्टीची रुंद किनार. यातलं बरंचसं काम हाताने रंगवलेलं असे. आधी कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात बुडवून वाळवायचं, म्हणजे रंग पसरत नाही. मग टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड फिरवून नक्षी उतरवायची. बाह्यरेषांसाठी लोखंडाचं काळं पाणी, लाल जिथे हवा तिथे तुरटीचं पाणी, आणि ते सगळं बांबूच्या कलमाने. तुरटीचं पाणी लावलेली जागा डोळ्यांना जवळजवळ दिसतही नाही. कापड चाय नावाच्या वनस्पतीच्या (पिण्याचा चहा नव्हे) मुळांच्या काढ्यात उकळलं की तिथेच लाल उमटतो, बाकीचा भाग धुऊन आणि उन्हात टाकून पुन्हा पांढरा होतो. निळ्यासाठी उरलेलं सगळं कापड मेणाने झाकून निळीत बुडवायचं. रंग कापडावर बसवायचा नाही, धाग्याच्या आत धरायचा, ही ती विद्या. युरोपात तेव्हा धुवून रंग न जाणारं असं रंगीत नक्षीचं सुती कापड कोणाला करता येत नव्हतं.

गिऱ्हाइकाची फर्माईश मात्र तिकडून येई. १६४३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी सुरतेच्या वखारीला कळवलं की रजयांचा गर्द लाल रंग इथे फारसा चालत नाही. जमीन पांढरी ठेवा, आणि फुलं-फांद्या रजईच्या मधोमध रंगीत येऊ द्या. मला हे पत्र फार महत्त्वाचं वाटतं. पांढऱ्या जमिनीवर मधे चित्र आणि कडेला काठ, ही पॅनेलची आजची मांडणी विलायती गिऱ्हाइकाची आवड आणि इथल्या कारागिराचा हात यांच्या देवाणघेवाणीतून घडत गेली.

मग हे कापड इतकं खपू लागलं की तिकडचे विणकर हवालदिल झाले. फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली, ती १७५९ पर्यंत राहिली. इंग्लंडने १७०१ पासून रंगीत भारतीय कापड देशात वापरासाठी आणायला मनाई केली. तरी भागेना. १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या विणकरांनी चिटाचे कपडे घातलेल्या बायकांना रस्त्यात गाठून त्यांचे कपडे फाडले, त्यांच्यावर शाई फेकली. पोटावर पाय आलेल्या माणसांचा राग समजू शकतो, पण तो निघाला कोणावर हेही विसरता येत नाही. १७२१ च्या कायद्याने तर अंगावर घालायलाच नव्हे, पलंगावर, खुर्चीवर, पडद्याला वापरायलाही बंदी आली. इंग्लंडमध्येच कातून, विणून, छापलेल्या सुती कापडाला मोकळीक मिळाली ती १७७४ मध्ये.

मिळेनासं झालेलं कापड कोणी फेकून देत नाही. कंब्रियातल्या लेव्हन्स हॉल या वाड्यात १७०८ च्या सुमाराची एक रजई आहे, भारतीय चिटाचे तुकडे भौमितिक आकारात कापून जोडलेली. इंग्लंडमध्ये टिकून राहिलेल्या सगळ्यांत जुन्या तुकडेजोड कामांत तिची गणना होते. दुसरी रीत म्हणजे पलंगपोसावरचं एकेक फूल, एकेक पक्षी कडेकडेने कातरून साध्या पांढऱ्या कापडावर टाचायचा. एका पलंगपोसाची फुलं अशी विरळ पसरली की त्यातून मोठी चादर सहज भरते. या कातरकामाला पुढे ‘ब्रॉडरी पर्स’, म्हणजे इराणी भरतकाम, असं नाव पडलं. कापड भारतातलं, हात इंग्रज आणि अमेरिकन बायकांचे, नाव मात्र इराणचं आणि तेही फ्रेंच भाषेत.

दरम्यान छपाईची यंत्रं पुढे गेली. १७५२ मध्ये डब्लिनजवळ ड्रमकोंड्रा इथे फ्रान्सिस निक्सनने तांब्याच्या पत्र्यावरून कापड छापलं. १७८३ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस बेलने कोरलेल्या तांब्याच्या रुळाचं पेटंट घेतलं. रूळ थांबत नाही, त्यामुळे लांबच लांब पट्टे आणि काठ छापायला तो सोन्यासारखा. पण रुळाचा घेर जेवढा तेवढीच नक्षी, मग तीच पुन्हा. मोठं एकसंध चित्र त्यात बसत नाही. म्हणून रजईच्या मधोमध ठेवायची खास चौकोनी, लंबगोल, अष्टकोनी चित्रं लाकडी ठशांनीच छापली जात राहिली.

इथून पॅनेल खऱ्या अर्थाने सुरू होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वीसेक वर्षांत इंग्लंडच्या छापखान्यांनी रजईसाठीच अशी मध्यचित्रं बाजारात आणली. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या कारकिर्दीच्या पन्नास वर्षांनिमित्त १८१० चं एक आहे. १८१३ मध्ये इंग्रज सेनापती वेलिंग्टनने स्पेनमध्ये व्हिटोरियाची लढाई जिंकली, तिचं एक. १८१६ मध्ये राजकन्या शार्लटचं लग्न झालं, त्याचंही. बाकीची फुलांच्या परड्यांची आणि फळांची. सोबत काठही मिळत, एकाच कापडावर शेजारी शेजारी उभे छापलेले, कातरून घ्यायचे. बायका मध्यचित्र बसवून त्याभोवती चौकटीमागून चौकट वाढवत नेत. पहिली चौकट छापील काठाची, दुसरी त्रिकोणांची, तिसरी पुन्हा काठाची. तुकडेजोडीतलं नवं धाडस बघायचं असेल तर ते या चौकटींमध्ये बघावं. मधलं चित्र घरोघरी तेच असलं तरी दोन रजया एकसारख्या नाहीत.

अमेरिकेत हे काम जॉन ह्यूसनने नेलं. लंडनमध्ये छपाई शिकलेला हा माणूस बेंजामिन फ्रँकलिनच्या उत्तेजनाने स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर फिलाडेल्फियाला आला. युद्धात इंग्रजांविरुद्ध लढला, पकडला गेला, निसटला. ४ जुलै १७८८ ला फिलाडेल्फियात नव्या राज्यघटनेची मोठी मिरवणूक निघाली, तेव्हा एका गाडीवर त्याची बायको आणि चार मुली घरचंच छापलेलं सुती कापड लेवून बसल्या होत्या आणि चिटावर कुंचल्याने रंग भरत होत्या. ह्यूसनच्या फुलदाणीच्या पॅनेलभोवती फुलपाखरं आणि पक्षी असत, सगळे सुटे, कातरून हवे तिथे लावता येतील असे. ती पॅनेलं मधे बसवलेल्या रजया आज तिकडच्या संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. मछलीपट्टणमच्या झाडाची सय त्यांत स्पष्ट दिसते. ज्यांनी ते झाड पहिल्यांदा रंगवलं त्यांची नावं मात्र कुठे लिहिलेली नाहीत, आणि एकोणिसाव्या शतकात गिरणीच्या मालापुढे त्यांचा निर्यातीचा धंदाही बसला.

पुढचं थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात तुकडे जोडल्यासारखं दिसणारं छापील कापड निघालं. ‘फसवं कापड’ हे त्याचं इंग्रजी टोपणनाव अजून चालतं, आणि पॅनेलविषयीचा तुच्छतेचा सूर बहुधा त्यातूनच आला असावा. १८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली तेव्हा वॉशिंग्टनच्या छबीचे छापील रुमाल रजयांच्या मधे बसले. १९३० च्या मंदीत पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या पिशव्या रंगीत छापून येऊ लागल्या. त्यांतल्या काहींना उशीचा अभ्रा शिवता यावा म्हणून एका बाजूने मुद्दाम काठ असे.

आज दुकानात मिळणारं पॅनेल साधारण २४ इंच बाय ४४ इंचांचं असतं. ४४ ही कापडाची रुंदी आणि २४ च्या आसपासची लांबी छपाईच्या स्क्रीनच्या, म्हणजे रंग पाझरवणाऱ्या जाळीच्या साच्याच्या, मापातून आलेली. नक्षीला यंत्राचं माप पाळावं लागतं, हे थॉमस बेलच्या रुळापासून तसंच आहे. डिजिटल छपाई आल्यापासून ते बंधन सैल झालं आहे.

छापील काठांची गोष्ट मात्र पुन्हा भारतात येते. जिनी बेयर ही अमेरिकन क्विल्टकार १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात राहत होती आणि इथल्या छापील सुती कापडांवरच तिने क्विल्ट शिवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये तिच्या क्विल्टला अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. पुढे तिने आखलेल्या काठाच्या कापडांची खूण अशी की प्रत्येक बुट्टी आरशातल्यासारखी असते, डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी. दोन काठांच्या मधे शिवणीपुरती जागा सोडलेली असते.

ही आरशाची युक्ती का लागते ते शिवायला बसल्यावर कळतं. पॅनेल कधीच काटकोनात नसतं. छापताना कापड ओढलं जातं, म्हणून मी आधी दोन्ही कर्ण मोजते. परवाच्या पॅनेलमध्ये पाऊण इंचाचा फरक निघाला. ओलसर करून आखूड कर्णाच्या दिशेने दोघींनी दोन टोकं धरून हलकं खेचायचं, इस्त्री करायची, पुन्हा मोजायचं. उरलासुरला फरक साध्या रंगाच्या बारीक पट्टीत जिरवायचा आणि मगच काठ लावायचा. काठाची एक बुट्टी प्रत्येक बाजूच्या बरोबर मध्यावर टाचणीने पक्की करायची आणि तिथून दोन्हीकडे कोपऱ्यांपर्यंत जायचं. कोपऱ्यावर फोटोच्या चौकटीसारखा तिरका जोड येतो. बुट्टी आरशातली असेल तरच दोन्ही बाजूंची अर्धी अर्धी पानं तिथे भेटून एक नवं फूल होतं, जे छापणाऱ्याने छापलेलंच नव्हतं. नऊवारीचे काठ उसवून गोधडीला चारी बाजूंनी लावणाऱ्या माझ्या आजीला हाच कोपरा सगळ्यांत जास्त वेळ खायचा. ती तिथे आधी कच्चा टाका घाली, गोधडी खाटेवर पसरून लांबून बघे, आणि पान पानाला भिडलं नसेल तर उसवून पुन्हा लावी.