गाडग्यातले वाल : गावठी शेंगांच्या बियाण्यामागचा इतिहास

जानेवारी २०२० मध्ये पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, गावठी बियाणं जतन करणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचं नाव घरोघरी पोहोचलं. त्याआधी २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्या होत्या, आणि शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटलं होतं. कधी शाळेत न गेलेल्या या बाईंनी जमवलेल्या बियाण्यांत भात आहे, नागली आहे, भाजीपालाही आहे. पण पाहणाऱ्याची नजर खिळते ती वाल-घेवड्यांवर. पांढरे, काळे, तांबूस, ठिपक्यांचे, कुणी चपटे तर कुणी टपोरे. हे वाण इतकी शतकं कुणी सांभाळले आणि एका पिढीत ते दिसेनासे का झाले, हे समजून घेतल्याशिवाय कोंभाळण्यातल्या कामाचं मोल कळत नाही.

आधी नावांचा गुंता सोडवायला हवा. अकोले तालुक्यात ‘घेवडा’ म्हणतात तो वाल-पावट्याच्या जातकुळीतला. साताऱ्याकडे कोरेगावात ‘घेवडा’ म्हणजे राजमा. श्रावणघेवडा म्हणजे फरसबी, आणि ती राजम्याचीच कोवळी शेंग. ओळखायची खूण दाण्यावरच असते. वाल-पावट्याच्या कडेवर एक लांब, पांढरीशुभ्र, किंचित उठावाची रेघ असते, नखाने खरवडता येईल अशी. राजम्याला तशी रेघ नसते, पोटाच्या खोलगट बाजूला फक्त एक छोटा डोळा असतो. तळहातावर शेजारी शेजारी ठेवले तर लहान मूलसुद्धा दोन्ही कुळं वेगळी काढेल.

वालाचं कूळ मूळचं आफ्रिकेतलं, पण आपल्याकडे ते इतक्या आधी आलं की त्याला परकं म्हणायला जीभ रेटत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला जे ताम्रपाषाणयुगीन गाव उत्खननात सापडलं, तिथल्या जळक्या धान्यात गहू, जव, मसूर, कुळीथ यांच्याबरोबर वालही मिळाला. म्हणजे आजपासून तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीच्या काठावर कुणीतरी वाल शिजवत होतं आणि अर्थातच पुढच्या वर्षासाठी मूठभर राखून ठेवत होतं. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो ‘निष्पाव’ म्हणून येतो. सोनाराच्या तराजूत गुंज आणि मासा यांच्यामध्ये ‘वाल’ हे वजनही होतं. परसातल्या शेंगेचं नाव सोनं तोलायला वापरलं गेलं, यावरूनच तो दाणा किती ओळखीचा होता ते कळतं.

राजम्याची गोष्ट वेगळी. तो अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या भागात आणि अँडीज पर्वतरांगांत, अशा दोन ठिकाणी तिथल्या लोकांनी तो स्वतंत्रपणे माणसाळवला, आणि कोलंबसानंतर तो जगभर पसरला. आपल्याकडे येऊन त्यानेही मूळ धरलं. कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याच्या गुलाबीसर दाण्यावर वाघाच्या अंगावरच्यासारखे तांबडे पट्टे असतात. या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चारपाचशे वर्षांपूर्वी ज्याचा इथे मागमूस नव्हता, तो वाण एका तालुक्याची ओळख झाला. हे घडलं दरवर्षीच्या निवडीतून, कारण शेतकरी आपल्या मातीत, आपल्या पावसात जो वेल चांगला निघाला त्याचंच बी पुढे नेत राहिला.

शेंगवर्गातली ही पिकं बियाणं राखणाऱ्याच्या बाजूची आहेत. राजम्याचं फूल उमलण्याआधीच आतल्या आत फळतं, त्यामुळे पेरलं तेच बहुतेक उगवतं. वालाच्या फुलांवर काळे भुंगे येतात, तेव्हा थोडीफार सरमिसळ होते, म्हणून जाणत्या बायका दोन रंगांचे वाल एकाच मांडवावर चढवत नाहीत. तेवढी काळजी घेतली की पुरतं. मक्याचं किंवा कपाशीचं संकरित बी दुसऱ्या वर्षी पेरलं तर पीक फुटून जातं, एकसारखं येत नाही. वाल-घेवड्यात ती अडचणच नाही. बाजारात मिळणारं वालाचं, घेवड्याचं बी बहुतेक करून सुधारित सरळ वाणाचं, म्हणजे राखून पुन्हा पेरता येईल असं असतं, तरी गावात दुकानातल्या प्रत्येक पुडीला ‘हायब्रीड’च म्हणतात. या एका शब्दाने मोठं नुकसान केलं असं मला वाटतं. विकतचं बी दरवर्षी नवंच आणावं लागतं, ही समजूत त्या शब्दाबरोबर घरात शिरली आणि जिथे गरज नव्हती तिथेही बी राखणं थांबलं.

माझ्या आजीच्या घरी बी राखायची सुरुवात मांडवावरच व्हायची. पहिल्या बहरातल्या, वेलीच्या मधल्या अंगाच्या भरदार शेंगांना ती जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीची शेंग भाजीला खुडायची नाही, हे पोरांनाही माहीत असे. शेंग वेलावरच खडखडीत वाळली की उतरवून सोलायची, सुपात पाखडायची आणि दाणा दाताखाली धरून पाहायची. दात रुतला तर अजून दोन उन्हं. मग गोवरीची राख चाळून घ्यायची आणि गाडग्यात एक थर राखेचा, एक थर दाण्यांचा, मधे वाळला कडुनिंबाचा पाला. तोंडावर फडकं बांधून वरून शेणमातीने लिंपायचं. मृगाच्या तोंडावर ते लिंपण फोडताना जो कोरडा, राखेचा वास येई, तो आजही नाकात आहे.

यात अंधश्रद्धेचा भाग काही नाही. कडधान्याचा भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, अळी दाण्यात शिरते आणि घरात आल्यावर गोल भोक पाडून बाहेर पडते. बाहेर पडलेला भुंगा पुन्हा दुसऱ्या दाण्यांवर अंडी घालतो आणि दोनतीन महिन्यांत गाडगं पोखरून निघतं. बारीक राख दाण्यांमधली पोकळी भरून टाकते, भुंग्याला हलायला जागा उरत नाही आणि त्याचं अंगही सुकतं. पहिली पिढी निघते, पण दुसरी वाढत नाही.

रायगडातल्या कडव्या वालाला तर असंच एक शास्त्र स्वयंपाकघरातही लागतं. भाताच्या कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर हे वाल येतात. त्यांच्या कडवटपणात पोटाला न मानवणारे पदार्थ असतात, म्हणून भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, तेव्हा कुठे बिरडं होतं. थंडीत याच शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरून, मडकं उपडं घालून भोवती जाळ करतात, ती पोपटी. गावठी वालाला गिऱ्हाईक टिकलं ते या दोन पदार्थांमुळे, आणि गिऱ्हाईक टिकलं म्हणून वाण टिकला.

इतर ठिकाणी तसं झालं नाही. जुना वाल दिवसाच्या लांबीवर चालतो. जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तो फुलावर येत नाही. शिवाय त्याला चढायला मांडव, कुंपण किंवा झाड लागतं. घराला परसू होतं, बांध रुंद होते तोवर हे चाललं. बाजारासाठी भाजी पिकवणाऱ्याला मात्र बारमाही, बुटकं, एकदम तोडणीला येणारं पीक हवं होतं. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने अर्का जय, अर्का विजय यांसारखे दिवसमानाशी बांधलेले नसलेले झुडपी वाण दिले. शेतकऱ्याची खरी गरज त्यांनी भागवली, त्यांना दोष देता येणार नाही. पण झुडपी वाल शेतात आला आणि कुंपणावरच्या वेलाचं बी कुणी राखेना.

१९६६ मध्ये देशात बियाणे कायदा आला. १९७६ मध्ये विदर्भातल्या अकोला शहरात महाबीज, म्हणजे राज्याचं बियाणे महामंडळ, स्थापन झालं. त्याच वर्षी दिल्लीत पिकांचे वाण गोळा करून जतन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची उभारणी झाली. प्रमाणित बी गावोगाव पोहोचवण्याची आणि त्यापायी मागे पडणारं गोळा करून ठेवण्याची सोय एकाच वर्षी व्हावी, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. शीतगृहातलं बी दशकानुदशकं जिवंत राहतं. पण तिथे त्याला ना नवा पाऊस भेटतो ना नवी कीड. कोणत्या वालाचं बिरडं चांगलं होतं आणि कोणता बाळंतिणीला द्यायचा नाही, हेही डब्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने निदान एक गोष्ट पक्की केली. कलम ३९ नुसार शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवघेवीचा आणि विकायचाही हक्क आहे, फक्त कंपनीच्या नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. गावच्या वाणाची नोंद करून घ्यायचीही त्यात सोय आहे.

राहीबाईंची सुरुवात कायद्यातून झाली नव्हती. नातू सारखा आजारी पडू लागला, तेव्हा विकतच्या बियाण्यावरच्या, औषधं फवारलेल्या भाज्यांवर त्यांचा संशय गेला आणि त्यांनी जुनी बियाणी शोधायला घेतली. पुढे बायफ या संस्थेची साथ मिळाली आणि घरातल्या गाडग्यांची गावची बियाणे बँक झाली. बँकेचा नियम असा की बी न्यायचं आणि पीक आल्यावर दुप्पट परत करायचं. सावकाराकडून धान्य उचलणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना ‘वाढीदिढी’, म्हणजे नेलेल्या धान्याच्या दीडपट परत करणं, हा शब्द चांगलाच ठाऊक होता, आणि ऐकायला हा नियमही तसाच लागतो. इथे मात्र वाढीव माप दुसऱ्या शेतकऱ्याच्या ओटीत जातं. आणि वालाच्या एका दाण्याचा वेल मांडवभर पसरून ओंजळी भरभरून दाणे देतो, त्यामुळे एकाचे दोन परत करणं कुणाला जड जात नाही.