विच हेझलच्या बाटलीत टॅनिन असतं का?

कापसाच्या बोळ्यावर विच हेझल, म्हणजे त्याच नावाच्या झुडपापासून काढलेलं चेहऱ्याला लावायचं पाणी, घेऊन गालावरून फिरवलं की आधी गार लागतं आणि थोड्या वेळाने कातडी ताणल्यासारखी वाटते. बोळ्यावर मळकट पट्टा उमटलेला असतो, नाकावरची चकाकी गेलेली असते. रंध्रं बंद झाली, असं आपण म्हणतो ते या ताणाला. टोनर विकणारे त्याचं श्रेय विच हेझलमधल्या टॅनिनना, म्हणजे वनस्पतींतल्या तुरट द्रव्यांना, देतात. झाडाच्या सालीत आणि पानांत टॅनिन भरपूर आहे, यात वाद नाही. पण ते बाटलीत उतरतं का?

विच हेझल म्हणजे हॅमामेलिस व्हर्जिनियाना हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं झुडूप. वागणं तिरपागडं. आसपासची झाडं पानं गाळत असतात तेव्हा, ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात, याला अरुंद, मुडपलेल्या पिवळ्या पाकळ्यांची फुलं येतात. आदल्या वर्षीच्या फुलांची फळंही साधारण तेव्हाच तडकतात आणि बिया काही मीटर लांब भिरकावतात. तिथले मूळनिवासी साल आणि डहाळ्या उकळून तो काढा सुजेवर, मुक्या मारावर लावत. युरोपातून आलेल्यांनी हा उपाय त्यांच्याकडूनच घेतला. 1846 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या थेरॉन पॉन्ड यांनी त्याचा अर्क विकायला काढला (पुढे क्रीमच्या डबीवर गेलं ते हेच पॉन्ड). 1866 पासून कनेक्टिकटमध्ये थॉमस डिकिन्सन यांनी तो मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली.

मेख आहे ती बनवण्याच्या पद्धतीत. काढा करताना पाण्यात विरघळणारं बहुतेक सगळं पाण्यात येतं, टॅनिनसुद्धा. बाजारातलं नेहमीचं विच हेझल मात्र काढा नसतं, ते ऊर्ध्वपातनाने काढतात. डहाळ्या पाण्यात भिजवायच्या, वाफ काढायची आणि ती थंड करून गोळा करायची. वाफेबरोबर फक्त उडून जाणारी द्रव्यं येतात, म्हणजे थोडी सुगंधी तेलं. टॅनिनचे रेणू वाफेबरोबर उडत नाहीत, ते जवळजवळ सगळे भांड्याच्या तळाशी राहतात. मग या पाण्यात अल्कोहोल मिसळतात. अमेरिकी औषधकोशाच्या मानकाप्रमाणे ते 14 ते 15 टक्के असतं. बाटलीत तुरट काही शोधायला जावं, तर हाती लागतं ते मुख्यतः पाणी आणि अल्कोहोल!

टॅनिन असतं तर काय झालं असतं, तेही पाहू. टॅनिन प्रथिनांना चिकटतं आणि त्यांचा साका करतं. कडक चहा प्यायल्यावर जीभ कोरडी, खरखरीत होते, कारण चहातल्या टॅनिनने लाळेतली प्रथिनं धरलेली असतात. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरावरही असाच परिणाम होतो. तिथली प्रथिनं घट्ट होऊन पातळसा पापुद्रा तयार होतो. कच्चं चामडं कमावण्यामागेही हीच रसायनक्रिया आहे.

ऊर्ध्वपातित विच हेझलने जाणवणारा गारवा आणि ताण येतो तो मुख्यतः अल्कोहोलमुळे. ते झरझर उडतं आणि जाताना त्वचेतली उष्णता घेऊन जातं. शिवाय पृष्ठभागावरचं तेल विरघळवतं, जे बोळ्यावर पुसून येतं.

आणि रंध्रांचं काय? रंध्राला झडप नसते, त्याचं तोंड उघडबंद करणारा स्नायू नसतो. ते किती मोठं दिसेल हे आनुवंशिकता, तैलग्रंथींचा आकार, वय आणि भोवतालच्या कोलॅजनचा (त्वचेला आधार देणाऱ्या प्रथिनाचा) घट्टपणा यांवर ठरतं. आत तेल आणि मृत पेशी साठल्या की ते जास्त ठळक दिसतं. वरचा थर पुसला की काही वेळ कमी दिसतं, एवढंच. तैलग्रंथी हार्मोन्सच्या इशाऱ्यावर चालतात, कापसाच्या नाही.

मुरुमांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची भूमिका बोलकी आहे. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मुरुमांच्या औषधांसाठी त्यांनी मान्य केलेल्या घटकांत बेंझॉइल पेरॉक्साइड, सॅलिसिलिक ॲसिड, गंधक आहेत. विच हेझल नाही. ते मान्य आहे किरकोळ काप, खरचटणं आणि कीटकदंश यांवर स्तंभक, म्हणजे त्वचा आवळणारं द्रव्य, म्हणून. आणि हो, मूळव्याधीवरही. टोनरच्या जाहिरातीत हे शेवटचं कुणी सांगत नाही.

इसबावरही परीक्षा झाली आहे. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ॲटोपिक इसब असलेल्या 72 रुग्णांवर ऊर्ध्वपातित विच हेझलचं क्रीम आणि 0.5 टक्के हायड्रोकॉर्टिसोन (एक सौम्य स्टेरॉइड) यांची तुलना केली होती. हायड्रोकॉर्टिसोन सरस ठरलं. विच हेझलचं क्रीम मात्र ते ज्यात कालवलं होतं त्या नुसत्या मलमापेक्षा उजवं ठरलं नाही.

रोझेशिया असलेल्यांनी, म्हणजे ज्यांचा चेहरा पटकन लाल होऊन चुरचुरतो त्यांनी, या बाटलीपासून लांबच राहावं असं मला वाटतं. कोरड्या त्वचेचीही तीच गत, आणि रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं, मुरुमांवर वापरतात ते औषध) लावणाऱ्यांची तर जास्तच, कारण त्या औषधाने त्वचा आधीच सोलवटलेली असते.

तेलकट त्वचेला अधूनमधून चालत असेल तर खुशाल वापरावं, पण वर मॉइश्चरायझर हवंच. नवीन बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. 'अल्कोहोलरहित' लिहिलेल्या बाटल्या कमी चुरचुरतात, पण त्यांत संरक्षक द्रव्यं असतात आणि कित्येकदा सुगंधही, म्हणून घटकांची यादी वाचावी. टॅनिनच हवं असेल तर सालीचा किंवा पानांचा अर्क घातलेलं उत्पादन शोधावं लागेल. असा अर्क साधारण तपकिरी असतो आणि लोखंडाच्या क्षाराचा थेंब पडला की निळाकाळा होतो. जुन्या काळी शाई अशीच बनायची. पाण्यासारखं नितळ विच हेझल त्या थेंबाने फारसं काळवंडणार नाही.