आठ कोरड्या महिन्यांचं जंगल

बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरून थोडं चाललं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक येतं. लोकलच्या रुळांपासून इतक्या जवळ सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, बिबळे नांदवणारं जंगल आहे. मुंबई-ठाण्याची माणसं तिथे जातात ती बहुतेक पावसाळ्यात, नाहीतर डिसेंबरच्या थंडीत. मी म्हणेन, एकदा तरी एप्रिलमध्ये जा. सकाळी फाटक उघडल्याबरोबर आत शिरा आणि ऊन चढायच्या आत बाहेर पडा.

कोकणपट्टी ओली असते, हा समज अर्धाच खरा आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने आभाळ कोरडं. त्यात डोंगरउतारावर मातीचा थर पातळ आणि खाली बेसॉल्टचा काळा कातळ, त्यामुळे पाणी मुरण्यापेक्षा वाहूनच जास्त जातं. हे आठ महिने काढायचे कसे, या एका प्रश्नाला या जंगलात प्रत्येकाने आपापलं उत्तर शोधलंय. ती उत्तरं शोधत फिरलं, तर उद्यानात कंटाळा येत नाही.

झाडांचं उत्तर सगळ्यात उघड आहे. पानांच्या खालच्या बाजूला असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून झाड सतत पाणी हवेत सोडत असतं. पाण्याची आवक थांबली की हा खर्च परवडत नाही. म्हणून साग, ऐन, पळस, काटेसावर सरळ पानंच टाकून देतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगल वाळल्यासारखं दिसतं ते यामुळे. ते वाळलेलं नसतं, मिटून बसलेलं असतं.

गंमत अशी, की नेमक्या याच दिवसांत पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. पानांची आडकाठी नसल्याने लाल-केशरी फुलं लांबूनही दिसतात, आणि ती पाहायला आपल्याआधी पाखरं हजर असतात. मधमाशीच्या डोळ्याला लाल रंग नीट ओळखता येत नाही. पक्ष्यांना तो छान दिसतो. बहरलेल्या काटेसावरीखाली अर्धा तास नुसतं बसून राहिलात, तर बुलबुल, साळुंकी, कोतवाल, सूर्यपक्षी मधासाठी भांडताना दिसतील आणि त्यांच्या कपाळाला लागलेले परागही दिसतील. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी फार अडत नाही.

कोशिंबाचं झाड मात्र चुकवू नका. त्याची नवी पालवी लालभडक येते, इतकी की अख्खं झाड फुलल्यासारखं वाटतं. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायला वेळ लागतो. तोवर अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य पानाला कडक उन्हापासून जपतं, असं मानतात. काही दिवसांत लाली उतरते आणि झाड हिरव्या गर्दीत मिसळून जातं. पाऊस यायला अजून महिना-दोन महिने असताना हे नवं पान काढायचं धाडस ते करतं, ते खोडामुळांत साठवलेल्या पाण्याच्या भरवशावर.

माणसाचं उत्तर उद्यानातल्याच कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत बघायचं. इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास तिथे लेणी खोदायला सुरुवात झाली आणि पुढची कित्येक शतकं काम चालू राहिलं. आज शंभरावर लेणी आहेत. बहुतेक जण चैत्यगृहातल्या भव्य बुद्धमूर्तींपाशी फोटो काढतात आणि परततात. त्याऐवजी खाली पायापाशी पाहा. कातळात कोरलेल्या बारीक चऱ्या डोंगरावरचं पावसाचं पाणी वळवून लेण्यांजवळच्या टाक्यांत आणतात. शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटलंय, आणि दानशूरांनी लेण्याबरोबर पोढीही दान दिल्याचे उल्लेख आहेत. जो कातळ पाणी मुरू देत नाही, त्याच्याच पोटात पाणी साठवायचं, हा विचार मला मूर्तींइतकाच थोर वाटतो.

इंग्रजांच्या काळात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. विहार तलाव १८६० साली, तुळशी १८७९ साली पुरा झाला. आज मुंबईच्या एकूण पाणीसाठ्यात दोन्हींचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. पण तलावांच्या पाणलोटात वस्ती होऊ दिली नाही, म्हणून भोवतालचं रान टिकलं. तलावांवर सर्वसामान्यांना जाता येत नाही, आणि ते ठीकच आहे.

पावसाची चाहूल लागली की नवरंग येतो. निळा, हिरवा, लाल, पिवळा अंगावर घेऊन हिंडणारा हा पक्षी डोळ्याला सापडणं कठीण, पण पहाटे आणि संध्याकाळी त्याची दोन स्वरांची शीळ हमखास ऐकू येते. पाचोळा भिजला की किडे-गांडुळं वर येतात आणि पिलांना खाऊ मिळतो. त्याचं वेळापत्रक त्यावर बेतलेलं असतं. पाऊस ओसरताना वाटांवर आडवी, सोनेरी धाग्यांची प्रचंड जाळी दिसू लागतात. मधोमध बसलेली तळहाताएवढी कोळीण असते. जाळ्याच्या कडेला नीट पाहिलं, तर तिच्यासमोर किरकोळ वाटणारा, काही मिलिमीटरचा नरही सापडतो.

आता बिबळ्या. तो दिसेल या आशेने जाऊ नका. दिवसा तो माणसाच्या वाटेला जात नाही. त्याच्या खुणा मात्र शोधता येतात. धुळीत पाऊल उमटलेलं असतं, वाटेवर केस मिसळलेली विष्ठा पडलेली असते. वानराचा खाकरल्यासारखा आवाज आणि पाठोपाठ चितळाची तीक्ष्ण हाक आली, तर जिथे आहात तिथे थांबा आणि ऐका. जंगलालगतच्या वस्त्यांत फिरणारी कुत्री हा त्याच्या आहाराचा बराच मोठा भाग आहे, त्यामुळे कचरा साचला की कुत्री वाढतात आणि त्यांच्यामागे तो येतो. इथले वारली वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबळ्याच्या रूपातल्या देवाला, पुजतात. शेजाऱ्याशी कसं राहायचं हे त्यांना आपल्याआधी कळलेलं आहे. माकडांना वेफर्स देणाऱ्यांना ते कधी कळणार कोण जाणे.

शिलोंड्यासारख्या आतल्या पायवाटांवर जायचं तर उद्यानाची परवानगी काढावी लागते. सोमवारी उद्यान बंद असतं. गाण्यांचा स्पीकर घरीच ठेवा.

राहिली कारवी. उतारांवर माणसाच्या उंचीची, सरळसोट काठ्यांची जी झुडपं दिसतात, ती हीच. तिच्या काठ्यांना शेणमाती लिंपून वारल्यांच्या झोपड्यांच्या भिंती होतात. सात वर्षं ती नुसती वाढते आणि आठव्या वर्षी पाऊस सरता सरता अख्खे उतार एकदम जांभळे होतात. एकाच वेळी इतकं बी तयार झालं, की खाणाऱ्यांनी कितीही खाल्लं तरी रुजण्यापुरतं उरतं, असं त्यामागचं एक स्पष्टीकरण आहे. बहरानंतर झुडूप वाळतं, पण बोंडं लगेच फुटत नाहीत. तीही कोरडे आठ महिने तशीच लटकून राहतात आणि पुढच्या पावसाच्या पहिल्या सरींत तडतड फुटून बी उडवतात. इथला बहर २०१६ आणि २०२४ साली येऊन गेला, म्हणजे आता २०३२. तोवर उतारांवर तिची नवी रोपं दर पावसाळ्यात थोडी थोडी उंच होताना दिसतील.