ऑनलाइन फॉर्म बनवून घेताना: ठाणे-नवी मुंबईतल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोसायटीचा तक्रार अर्ज असो, नौपाड्यातल्या दवाखान्याची अपॉइंटमेंट असो की महापे-रबाळ्यातल्या कारखान्याकडे येणारी मालाची चौकशी, यातला कुठलाही फॉर्म आम्ही शून्यातून लिहीत नाही. रकाने, ड्रॉपडाउन, तारखेचे कॅलेंडर, फाइल जोडायचे बटण हे सुटे भाग ओपन सोर्स लायब्ररीत, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या तयार कोडच्या संग्रहात, मिळतात. आम्ही रिअ‍ॅक्ट आणि बूटस्ट्रॅप या दोन लायब्ररी वापरतो. बूटस्ट्रॅप ट्विटरमध्ये तयार झाले आणि २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुले झाले. रिअ‍ॅक्ट फेसबुकने २०१३ मध्ये खुले केले. आज दोन्ही एमआयटी लायसन्सखाली मिळतात.

या लायसन्सने कोड धंद्यासाठी वापरता येतो, बदलता येतो, त्याचे पैसे कुणाला द्यावे लागत नाहीत. मूळ कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर तेवढा सोबत ठेवावा लागतो. बनवणारा मात्र कसलीही हमी देत नाही. म्हणून आमच्या बिलात लायब्ररीची किंमत शून्य असते; पैसे लागतात ते हे भाग तुमच्या कामाला नीट बसवण्याचे आणि तपासण्याचे.

नावे आणि आकडे

तयार कोडमध्ये नावाच्या रकान्यात बऱ्याचदा फक्त इंग्रजी ए ते झेड चालतात. ‘कोणत्याही भाषेचे अक्षर चालेल’ असा नियम लावला तरी मराठी नावे अडतातच. संगणकाच्या हिशेबात ‘क’ हे अक्षर आहे, पण काना, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडायचे चिन्ह यांचा वर्ग वेगळा. त्यामुळे ‘कमल’ पास होते आणि ‘सुनीता’ला लाल एरर येतो. तपासणाऱ्याने नेमके ‘कमल’ टाइप केले, तर ही चूक महिनोन्महिने सापडत नाही. आम्ही दोन्ही वर्ग चालू देतो आणि ‘ज्ञानेश्वर’, ‘क्षीरसागर’, ‘ऋतुजा’ टाकून बघतो. अक्षरांची मर्यादाही सढळ ठेवतो, कारण डोळ्यांना एक दिसणारे ‘श्री’ संगणक चार मोजतो.

फोनचा कीबोर्ड मराठीवर असेल तर मोबाइल नंबर मराठी आकड्यांत येऊ शकतो, आणि तयार तपासणी तो नाकारते. भरणाऱ्याचे काहीच चुकलेले नसते. असे आकडे आम्ही आतल्या आत इंग्रजीत बदलून घेतो.

‘संख्या’ प्रकारचा रकाना फक्त नग आणि रक्कम यांसाठी वापरावा. बँक खात्याचा क्रमांक त्यात टाकला तर पुढे संख्या म्हणून साठवताना सुरुवातीचे शून्य गळते, आणि पान खाली सरकवताना माउसच्या चाकाने आकडाच बदलू शकतो. पिनकोड, मोबाइल, खाते क्रमांक हे मजकूर म्हणून घ्यायचे. फोनवर कीपॅड मात्र आकड्यांचा उघडायचा.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन, आणि शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेबाने निघते. म्हणजे एखादे अक्षर चुकीचे टाइप झाले तर फॉर्म ते जागच्या जागी पकडू शकतो, आणि जीएसटी क्रमांक घेतल्यावर पॅन वेगळा विचारायची गरज उरत नाही. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, ११ अक्षरी असतो. त्याचे पाचवे अक्षर शून्य असते आणि तिथे लोक हमखास इंग्रजी ‘ओ’ दाबतात. ही चूक फॉर्मने स्वतःच दुरुस्त करावी. माणसाला त्यासाठी एरर दाखवणे आम्हाला पटत नाही.

तारीख

दवाखाने आणि क्लासेसनी हा भाग जरूर वाचावा. कॅलेंडरमध्ये १५ जून निवडली की काही कोड ‘१५ जून, रात्री १२’ अशी वेळ धरतो आणि साठवताना ती जागतिक वेळेत बदलतो. भारत साडेपाच तास पुढे असल्याने ती होते १४ जून, संध्याकाळी साडेसहा. वेळ गाळून तारीख छापली की रुग्णाच्या फोनवर १५ आणि तुमच्या वहीत १४. आम्ही नुसती तारीख साठवतो, वेळेची शेपटी जोडत नाही. जन्मतारखेसाठी कॅलेंडर देतच नाही. १९५८ गाठायला आजोबांनी किती वेळा मागचा बाण दाबायचा? दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने पुरतात.

फोनवर

रकान्यातली अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की आयफोन रकान्याला हात लावताच पान मोठे करतो आणि ‘पाठवा’चे बटण कडेला जाते. रकान्याचे नाव रकान्याच्या वर, कायम दिसेल असे हवे. आत फिकट अक्षरांत लिहिले तर टाइप करायला लागताच ते नाहीसे होते.

‘पाठवा’ दाबल्यावर

ठाणे ते वाशी लोकलमध्ये नेटवर्क मध्येच जाते. बटण दाबले, काही हलले नाही, पुन्हा दाबले: तुमच्याकडे एकाच माणसाचे दोन अर्ज. पहिल्या दाबण्यानंतर बटण बंद करणे पुरत नाही, कारण पान पुन्हा उघडले की ते परत चालू होते. म्हणून प्रत्येक अर्जाला आम्ही सुरुवातीलाच एक क्रमांक देतो आणि अर्धवट माहितीसोबत तो फोनमध्येच जपतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हर (अर्ज जिथे जमा होतात तो संगणक) नवी नोंद न करता जुनीच पावती पाठवतो. खाते क्रमांक आणि पॅन मात्र असे जपून ठेवत नाही; सायबर कॅफेतल्या संगणकावर ते मागे राहू नयेत.

ब्राउझरमधली तपासणी भरणाऱ्याच्या सोयीची असते आणि ती कुणालाही टाळता येते. तेच नियम सर्व्हरवर पुन्हा लावलेले नसतील तर कुणाकडूनही फॉर्म ताब्यात घेऊ नका, आमच्याकडूनसुद्धा.

लायब्ररी बदलते तेव्हा

एका लायब्ररीच्या पोटात दुसऱ्या कित्येक लहान लायब्ररी असतात. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून (अशी पॅकेजे जिथून घेतात त्या ऑनलाइन भांडारातून) काढले आणि त्यावर विसंबलेल्या मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी अडली. यासाठी कोडसोबत आम्ही लॉक फाइल देतो. कुठल्या भागाची नेमकी कुठली व्हर्जन वापरली ते तिच्यात असते. व्हर्जनचा शेवटचा आकडा बदलला तर बहुधा दुरुस्ती असते आणि ती लवकर घ्यावी. पहिला आकडा बदलला तर जुने काहीतरी मोडू शकते, तेव्हा आधी प्रत काढून तपासतो. कोड, लॉक फाइल आणि लायसन्सच्या फाइली काम संपताना तुमच्या ताब्यात येतात. उद्या दुसऱ्याकडे काम द्यायचे ठरले तरी अडणार नाही.

तुमच्याकडून काय हवे

सध्याचा कागदी फॉर्म, आणि नावे-नंबर खोडलेले पाच-दहा भरलेले नमुने. लोक समासात काय लिहितात ते त्यातून कळते. तो बहुतेक वेळा फॉर्ममध्ये राहून गेलेला रकाना असतो. शिवाय प्रत्येक रकान्यापुढे लिहा की ही माहिती पुढे कोण, कशासाठी वापरतो. ज्यापुढे काही लिहिता येत नाही तो रकाना काढू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती माणसाने स्वतःहून, स्पष्टपणे द्यायची असते, म्हणून संमतीच्या चौकोनात आम्ही आधीच टिक करून ठेवत नाही.

आलेले अर्ज एक्सेलमध्ये हवे असतील तर आधी सांगा. साधी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हे दिसू शकतात, आणि १६ आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल १५ आकड्यांपुढे अचूकता ठेवत नाही. आम्ही हे रकाने मजकूर म्हणून नेमलेली एक्सेल फाइलच काढून देतो.