बॅटरसीचे खासदार शापूरजी सकलातवाला

दादाभाई नौरोजी १८९२ साली लिबरल पक्षाकडून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले, मंचरजी भावनगरी १८९५ साली काँझर्व्हेटिव्ह पक्षाकडून. पार्लमेंटच्या कॉमन्स या लोकनियुक्त सभागृहातले तिसरे हिंदी, म्हणजे भारतीय, सभासद शापूरजी सकलातवाला. तेही मुंबईचे पारशी, पण कम्युनिस्ट. त्यांचं नाव आपल्याकडे क्वचितच निघतं, याची खंत वाटते.

१८७४चा जन्म. आई जेरबाई ही जमशेटजी टाटांची बहीण. मुंबईत प्लेग आला तेव्हा प्लेगची लस तयार करणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या लसीकरणाच्या कामात शापूरजींनी मदत केली. पुढे टाटांसाठी लोखंडाच्या शोधात ते चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलात हिंडले. १९०५मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या कामगार चळवळीत ओढले गेले.

त्यांचा मतदारसंघ होता लंडनमधला नॉर्थ बॅटरसी, कष्टकऱ्यांची वस्ती. याच बॅटरसीने १९१३मध्ये जॉन आर्चर या कृष्णवर्णीय माणसाला महापौर केलं होतं, आणि सकलातवालांच्या उमेदवारीमागे आर्चर उभे राहिले. १९२२मध्ये सकलातवाला मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर निवडून आले, १९२३मध्ये अवघ्या १८६ मतांनी पडले. १९२४मध्ये मात्र उघडपणे कम्युनिस्ट म्हणून उभे राहून ५४२ मतांनी जिंकले.

सभागृहात त्यांनी एक मुद्दा कधी सोडला नाही. बंगालच्या ताग गिरण्यांत मजुराला कवडीमोल मजुरी मिळते, म्हणून स्कॉटलंडमधल्या डंडीचा ताग कामगार बेकार होतो. तेव्हा हिंदुस्थानातल्या मजुराची संघटना हा ब्रिटिश मजुराच्याही पोटाचा प्रश्न आहे. साम्राज्याविषयी बोलताना हिंदी मजुराच्या पगाराचा हिशेब मांडणारे सभासद तेव्हा विरळाच होते.

१ मे १९२६ रोजी, ब्रिटनमधल्या कामगारांच्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर, हाइड पार्कच्या सभेत त्यांनी सैनिकांना कामगारांवर गोळी न चालवण्याचं आवाहन केलं. अटक झाली. चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायला त्यांनी नकार दिला आणि दोन महिने वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात काढले.

१९२७च्या सुरुवातीला ते हिंदुस्थानात आले, ठिकठिकाणी सभा घेतल्या. गांधीजींना ‘कॉम्रेड’ म्हणत लिहिलेल्या खुल्या पत्रात त्यांनी चरख्यावर आणि खादीवर टीका केली. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून उत्तर दिलं. मतभेद मिटले नाहीत, पण सूर दोघांनीही बिघडू दिला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा आढावा घेणाऱ्या सायमन कमिशनचा प्रस्ताव कॉमन्सपुढे आला. मजूर पक्षाने ॲटली आणि हार्ट्सहॉर्न हे आपले दोन सभासद त्यात दिले. एकही हिंदी माणूस नसलेल्या त्या कमिशनला सकलातवालांनी सभागृहात कडाडून विरोध केला. तीच भूमिका ३ फेब्रुवारी १९२८ला, कमिशन मुंबई बंदरात उतरलं तेव्हा, काळ्या निशाणांतून दिसली.

१९२९मध्ये ते हरले. हिंदुस्थान भेटीनंतर त्यांना मायदेशी यायला सरकारने बंदी घातली होती, आणि पुढे आलेल्या मजूर सरकारनेही ती उठवली नाही. १९३६च्या जानेवारीत लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.